पडून राहण्याचे दिवस

आमच्या पिढीला आजारी माणूस म्हटला की आडवा माणूसच डोळ्यांसमोर येतो. ताप आला की अंथरूण, कावीळ झाली की अंथरूण, बाळंतपण झालं की सव्वा महिना बाज. आणि कॅन्सर झाला तर विचारायलाच नको. तो शब्द मोठ्याने उच्चारायचीही पद्धत नव्हती. "तिला ते निघालंय" एवढंच बोललं जायचं आणि बाहेरच्या खोलीतला दिवाण आत खिडकीपाशी सरकवला जायचा. दिवाण हलला की अख्ख्या वाड्याला काय ते कळायचं.

आता दिवाण जागचा हलत नाही. मोठ्या शहरातलं बरं रुग्णालय असेल, तर किमोचा पहिला डोस व्हायच्या आतच फिजिओथेरपीच्या खोलीतून बोलावणं येतं. तिथली पंचविशीतली मुलगी फाईल उघडायच्या आधी आपल्या पायांकडे बघते. "काकू, या चपला नाही चालणार. मागून बंद असलेले बूट आहेत का?" काकूंच्या पोटात गोळा, काकांच्या तोंडचं पाणी पळालेलं, आणि ही बाई बूट विचारते! आमच्यातल्या बहुतेकांना पहिल्यांदा वाटतं ते हेच, की हिला अजून कुणी रिपोर्ट दाखवलेला दिसत नाही.

तेव्हा त्या खिडकीपाशी एक वेगळा संसारच मांडला जायचा. शेजारी स्टूल, स्टुलावर झाकलेलं फुलपात्र, ग्लुकोजचा डबा, मोसंब्यांची पिशवी. दिवाणाखाली जुनं घमेलं, कारण उलटी कधी होईल याचा नेम नसे. सकाळी कुणीतरी पेपर वाचून दाखवायचं, पण आधी स्वतः चाळून आणि निधनवार्ता गाळून. दुपारी रेडिओवर बारीक आवाजात विविध भारती. चारनंतर येणारे-जाणारे. येणारा रिकाम्या हाताने येत नसे. कुणी शहाळं आणी, कुणी मऊ भाताचा डबा, कुणी अंगारा, तर कुणी आपल्या गावाकडच्या हमखास गुण देणाऱ्या वैद्याचा पत्ता. आल्या-आल्या पहिलं वाक्य ठरलेलं असे, "उठू नका, उठू नका, पडून राहा." उठणाऱ्यानेही उठायचा निम्माच प्रयत्न केलेला असे.

संध्याकाळी वेणीफणी. औषधाने केस गळायला लागलेले. मोठी जाऊ मागे बसून रुंद दातांची फणी अगदी वरच्यावर फिरवायची. फणीत आलेला गुंतवळ चटकन मुठीत घ्यायची आणि मूठ पदराआड न्यायची. पुढे बसलेलीला सगळं कळत असे, पण ती कधी मागे वळून बघत नसे. वेणी करंगळीएवढी उरली तरी रोज घातली जायची. पुढे घालण्यासारखं काही उरलं नाही, तरी फणी हातात घेऊन दोघी त्या वेळेला तशाच बसायच्या. आम्ही मुलं गृहपाठाच्या वहीआडून हे बघत असू.

आजच्या संध्याकाळी त्याच वेळेला काकू एका लांबट खोलीत खुर्चीवर बसलेल्या असतात. डोक्याला सुती रुमाल, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा. सोबत पाच-सहाजण आहेत. एकजण तोंडाच्या शस्त्रक्रियेतून उठलेला ट्रकचालक, एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, एक कॉलेजची मुलगी. व्यायाम काय, तर खुर्चीतून उठायचं आणि बसायचं. हातांचा आधार न घेता. एवढंच. "हे काय, हे तर आम्ही जन्मभर करतोय," असं म्हणत काकू उठतात, पुन्हा उठतात, आठव्या खेपेला मांड्या थरथरायला लागतात आणि बोलणं बंद होतं. "काकू, अजून दोन." "अगं, आता काय जीव घेतेस का?" "जीव नाही, दोनच घेतेय." बँकवाले गृहस्थ हसतात आणि हसल्यामुळे त्यांचा आकडा चुकतो. त्यांना पुन्हा एकपासून.

या वर्गाची शिस्त बाहेरून खेळकर दिसते, आतून कडक असते. आल्यावर आधी ताप बघतात, रक्तदाब बघतात, परवाचा रक्ताचा रिपोर्ट मागतात. ताप असला तर सरळ घरी. प्लेटलेट फार उतरल्या असतील तर वजनं बंद, कारण मार लागला तर आत रक्तस्राव व्हायची भीती. हिमोग्लोबिन तळाला गेलं असेल तर वेग कमी. आजार हाडांत उतरला असेल तर कुठल्या हाडावर भार द्यायचा नाही, हे आधी क्ष-किरण बघून ठरवायचं. काही औषधांनी तळपायांना मुंग्या येतात आणि जमीन नीट लागत नाही. अशा माणसाला तोल सांभाळायचे व्यायाम भिंतीजवळ उभं करून देतात आणि मुलगी त्याच्या कमरेमागे हात धरून उभी राहते. मागून बंद बुटांचं कोडं इथे सुटतं.

मग दम किती लागला ते विचारतात. त्यासाठी गुन्नार बोर्ग या स्वीडिश माणसाने एक मोजपट्टी करून ठेवली आहे. ती शून्यापासून किंवा एकापासून सुरू व्हायची सोडून सहापासून सुरू होते आणि विसावर संपते. कारण काय, तर सांगितलेल्या आकड्याला दहाने गुणलं की नाडीच्या ठोक्यांचा साधारण अंदाज येतो. आमच्या वयाच्या मंडळींना हे काही पटत नाही. "सहा ते वीसमध्ये किती दमलात?" या प्रश्नाला "पैकीच्या पैकी" हे उत्तर सर्वांत जास्त वेळा येत असावं. म्हणून मुली सोपा नियम सांगतात, चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये. हे ऐकून एखादी काकू मुद्दाम भजनाचं पहिलं चरण म्हणून दाखवतेच. मग तिचा वेग वाढवला जातो.

तेव्हा हे काहीच नव्हतं आणि नव्हतं त्याला कारणही होतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. उलटी थोपवणारं ऑन्डान्सेट्रॉन नव्वदच्या दशकात हाताशी आलं. त्याआधी डोस घेतलेला माणूस दोन-दोन दिवस घमेल्यावर वाकलेला असे. त्याला कुणी "चला, जरा चक्कर मारू" म्हटलं असतं, तर वाड्यातल्यांनी म्हणणाऱ्यालाच बाहेर चक्कर मारायला पाठवलं असतं. दुसरं म्हणजे माणसं यायचीच उशिरा. गाठ हाताला लागल्यापासून डॉक्टरच्या दारात पोचेपर्यंत लाज, अंगारे, लेप आणि पैशांची जुळवाजुळव यांत वर्ष सरे. त्यामुळे पडून राहा या सल्ल्यात अज्ञान होतं, तशी निरुपाय झालेली मायाही होती. १९७१ सालच्या 'आनंद'मध्ये राजेश खन्ना शेवटपर्यंत हिंडत, हसत, लोकांच्या खोड्या काढत होता. थिएटरात रडून आम्ही घरी यायचो आणि खिडकीपाशी पडलेल्या माणसाकडे बघून म्हणायचो, सिनेमाच तो शेवटी.

पण अंथरुणाने काय केलं, तेही सांगायला हवं. ब्रिटनमधले डॉक्टर रिचर्ड अ‍ॅशर यांनी १९४७ सालीच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहून ठेवलं होतं, की अंथरुणात पडून राहणं हाच एक धोका आहे. १९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे नुसतं झोपवून ठेवलं. उठले तेव्हा त्यांचा दमसास कोसळला होता. त्याच पाचजणांना तीस वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा असं दिसलं, की तीस वर्षांच्या वयाने जेवढी शक्ती नेली नव्हती तेवढी त्या तीन आठवड्यांच्या झोपेने नेली होती. हे पाच निरोगी पोरगे होते. आमच्या घरांतले लोक आधीच औषधांनी पिळून निघालेले, आणि त्यांना आम्ही तीन-तीन महिने उठू दिलं नाही. पायांच्या काड्या झाल्या, पाठीला जखमा झाल्या, छातीत कफ साठला, आणि हे सगळं आम्ही आजाराच्या खात्यावर मांडलं.

बाईच्या छातीची शस्त्रक्रिया झाली की मात्र एक व्यायाम तेव्हाही सांगत असत. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि त्या बाजूच्या हाताची बोटं किड्यासारखी भिंतीवर वर-वर चालवायची. जिथे हात थांबेल तिथे पेन्सिलीने खूण करायची. कितीतरी घरांत मुलांची उंची मोजलेल्या भिंतीवरच शेजारी आईच्या हाताच्याही खुणा असत, तारखेसकट. मुलांच्या खुणा वर चढत जायच्या. आईच्या चढायच्या, मग किरणोपचाराचा शेक सुरू झाला की चार बोटं खाली यायच्या, पुन्हा चढायच्या. घराला रंग द्यायची वेळ आली की त्या भिंतीपाशी येऊन रंगाऱ्याला थांबवलं जायचं.

पण त्या व्यायामापाठोपाठ बंदीही यायची. त्या हाताने जड उचलायचं नाही, हंडा नाही, बादली नाही, नातवंडही नाही. नाहीतर हात सुजून खांबासारखा होईल. बायांनी ही बंदी जन्मभर पाळली. बांगड्या त्या हातातून उतरल्या त्या कायमच्या. १९९६ साली कॅनडात व्हँकूव्हर इथे डॉन मॅकेन्झी या क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांनी या समजुतीला आव्हान दिलं. स्तनाच्या कॅन्सरमधून गेलेल्या २४ बायांना त्यांनी ड्रॅगन बोट वल्हवायला बसवलं. हात सुजायची भीती खोटी पडली. पुढे २००९ साली कॅथरिन श्मिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर हात आधीच सुजलेल्या बायांना आठवड्यातून दोनदा देखरेखीखाली, हळूहळू वाढवत, वजनं उचलायला लावली. सूज वाढली नाही, उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले. हे वाचल्यावर आमच्या पिढीला आनंद व्हायला हवा. होतोही. पण त्याआधी डोळ्यांसमोर येतात त्या, उंबऱ्याशी रांगत आलेल्या नातवाला उचलायचं नाही म्हणून हात मागे बांधून उभ्या राहिलेल्या बाया.

कॅन्सरच्या माणसाला औषध चालू असतानाच व्यायामाला उभं करायचं, ही कल्पना पहिल्यांदा पुढे आणणाऱ्यांत अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या परिचारिका होत्या. ऐंशीच्या दशकात मॅरिल विनिंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किमो चालू असलेल्या बायांना आठवड्यातून तीनदा जागच्या सायकलवर बसवलं. परिचारिकांनाच हे सुचावं यात नवल नाही. डॉक्टर गाठ मोजत होते, परिचारिका माणूस न्हाणीघरापर्यंत चालू शकतो का ते बघत होत्या. नव्वदच्या दशकात जर्मनीत फर्नांडो डिमेओ यांनी पुढची पायरी गाठली, जबर मात्रेचं औषध घेणाऱ्या रुग्णांना पलंगाशीच जोडलेली सायकल दिली. माणूस आडवाही आणि सायकल चालवणाराही! ही युक्ती आमच्या काळी निघायला हवी होती. भेटायला येणाऱ्यांचं "पडून राहा" आणि डॉक्टरांचं "हलत राहा" दोन्ही पाळता आलं असतं.

पुढे पुरावा साठत गेला आणि सल्ला उलटला. आता जाणकारांचा हिशेब साधारण असा आहे: आठवड्यातून तीनदा अर्धा-अर्धा तास, थोडा दम लागेल असं चालणं किंवा सायकल, आणि दोनदा स्नायूंना ताण देणारे व्यायाम. हे निदान बारा आठवडे. यातून थकवा उतरतो, मनावरचं मळभ कमी होतं, रोजची कामं स्वतःची स्वतः करता येतात. २०२२ साली अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने, आजार बरा करण्याच्या हेतूने उपचार चालू असतील तर त्या काळातच व्यायाम सुचवावा, असं लेखी सांगितलं. ज्यांचा आजार शरीरभर पसरलाय अशांनाही आता वगळत नाहीत. युरोपातल्या काही देशांत आणि ऑस्ट्रेलियात पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ३५७ रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना नऊ महिने देखरेखीखाली व्यायाम दिला, त्याचे निष्कर्ष २०२४ साली आले: थकवा कमी, जगण्याची प्रत बरी. आपल्याकडे टाटा मेमोरियलमध्येही ८५० रुग्णांवर, आजाराला आणि उपचारांना झेपतील अशी आसनं बेतून योगाचा मोठा अभ्यास झालेला आहे. कॅन्सरच्या थकव्याचं वैशिष्ट्य असं, की तो झोपून जात नाही. आमच्या आया सांगत होत्या, "कितीही पडलं तरी शीण जात नाही गं." आम्ही उत्तर देत होतो, "मग अजून थोडं पड."

तरीही त्या पडून राहण्यात असं काहीतरी होतं, जे कुठल्याच अभ्यासाच्या तक्त्यात येत नाही. आमच्या आया-मावश्या पहाटे पाचला उठायच्या आणि रात्री अकराला शेवटचं पातेलं पालथं घालायच्या. ताप अंगावर काढायच्या. बाळंतपण सोडलं तर त्यांना हक्काने आडवं होण्याची मुभा कुणी दिली नव्हती. ती मिळाली ती या आजाराने. घरातल्या कर्त्या पुरुषाने आयुष्यात पहिल्यांदा बायकोला चहा करून दिला, तो दुधाचा उतू जाऊन निम्मा झालेला चहा आम्ही पाहिला आहे. सासूने सुनेचे पाय चेपलेले पाहिले आहेत. म्हणून ती फिजिओची मुलगी "काकू, उठा" म्हणते तेव्हा आतून जे हट्टाने बसून राहतं, ते केवळ अडाणीपण नसतं. काय मुश्किलीने मिळालेली जागा आहे ती!

अर्थात हेही पुरतं खरं नाही. पुष्कळ बायांना तीही जागा मिळाली नाही. अंथरुणात बसल्या-बसल्या तांदूळ निवडायला परातभर दिले जायचेच. "तेवढाच वेळ जातो" म्हणून. ज्यांना जागा मिळाली त्यांच्या ताट-वाट्या वेगळ्या काढल्या जायच्या, हा आजार लागतो या समजुतीने. नातवंडांना जवळ जाऊ देत नसत. आणि आपल्याला काय झालंय, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असे, फक्त दिवाणावरच्या माणसाला ठाऊक नसे. म्हणजे त्याला ठाऊक नसल्याचा बहाणा सगळे करायचे आणि तोही करायचा. आज फिजिओच्या वर्गात लोक एकमेकांना "तुमचा कितवा डोस? माझं लाल औषध झालं, आता दर आठवड्याचं चालू आहे" असं भाजीचे भाव सांगितल्यागत सांगतात. ट्रकचालक कॉलेजच्या मुलीला, तोंड आलं असताना काय खावं ते समजावतो. आमच्या काळी एवढं बोलायला माणसं मेल्यानंतर मिळायची.

परळच्या फूटपाथवर मात्र पडून राहण्याची चैन कधीच नव्हती. २८ फेब्रुवारी १९४१ला टाटा मेमोरियल सुरू झालं, तेव्हापासून गावोगावची माणसं बोचकी घेऊन तिथे येत आली. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळालेली माणसं शेक घ्यायला रोज चालत यायची आणि चालत जायची, कारण टॅक्सी परवडत नसे. आजही येतात. अर्धा तास जायला, अर्धा तास यायला, हातात फाईल आणि प्लास्टिकची पिशवी. जाणकारांचा आठवड्याच्या चालण्याचा हिशेब ही मंडळी दोन दिवसांत पुरा करत होती. फक्त त्यांचा ताप कुणी बघत नव्हतं, प्लेटलेट कुणी विचारत नव्हतं, आणि पायांत मागून बंद बूट नव्हते.

देखरेख हा यातला खरा शब्द. २०१७ साली ३४ चाचण्यांतल्या ४,५१९ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. व्यायामाने जगण्याची प्रत सुधारते हे दिसलंच, पण कुणीतरी समोर उभं राहून करून घेतलेल्या व्यायामाचा फायदा घरी आपला आपण केलेल्या व्यायामापेक्षा जास्त निघाला. कारणं सांगतात ती पटण्यासारखी आहेत. देखरेखीत माणूस चुकारपणा करत नाही, वजन वेळच्या वेळी वाढतं, भीती कमी असते. आम्हाला वाटतं, आणखी एक कारण असेल. त्या तासात कुणीतरी त्या माणसाकडे सलग बघत असतं. तेव्हा देखरेख होती, व्यायाम नव्हता. आता पुष्कळांच्या नशिबी व्यायाम आहे, देखरेख नाही. सुट्टीच्या कागदावर 'रोज चालणे' असं लिहिलेलं असतं आणि मुलगा मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधून पुण्याहून बंगलोरला परत जातो. रात्री फोन येतो, "बाबा, आज अठराशेच?" बाबा उत्तर देतात, "लिफ्ट चालू होती." मोठी शहरं सोडली तर असे वर्ग आजही हाताच्या बोटांवर मोजावेत असे. तिथल्या माणसाने चालायचं कुठे, तर मोटारसायकलींच्या आणि कुत्र्यांच्या मधून, पेशी उतरलेल्या असताना.

त्यात एक नवीन जाच आलाय. तेव्हा माणूस गेला की लोक म्हणायचे, नशीब. आता लोक दबक्या आवाजात विचारतात, व्यायाम करत होते का? २०२५ साली आतड्याच्या कॅन्सरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. किमो संपल्यावर तीन वर्षं बांधेसूद व्यायाम केलेल्यांमध्ये आजार उलटण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण कमी निघालं. ८८९ रुग्ण, बहुतेक केंद्रं कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातली. मोलाचं काम. पण आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात पोचेपर्यंत त्याचं 'चाला आणि कॅन्सर पळवा' झालं, सोबत उगवत्या सूर्याचं चित्र. ज्याला उठून बसवत नाही त्याने ते चित्र बघून काय करायचं? दिवाणावर पडलेल्या माणसाला निदान कुणी दोष तरी देत नव्हतं.

एवढं बोलून झाल्यावर आम्ही हिशेब करायला बसलो, की व्यायामाने आमचं नेमकं काय नेलं. आठवड्याचे तास १६८. जाणकारांचं सगळं तंतोतंत पाळलं तरी त्यातले अडीच-तीनच जातात. बाकीच्या १६५ तासांत पेपर वाचून दाखवता येतो, विविध भारती लावता येते, मऊ भात नेऊन देता येतो, फणी घेऊन मागे बसता येतं. खुर्चीतून दहादा उठायला सांगणाऱ्या मुलीने यातलं काहीच बंद केलेलं नाही. बंद केलं ते दाराला लॅच लावून नोकरीला जाणाऱ्या आम्हीच. काकूंना घरी आल्यावर भेटायला कुणी नसतं, आणि असलं तरी तो आधी फोन करून "येऊ ना?" विचारतो, आणि मग येत नाही.

जुन्या वळणाची एखादी वहिनी अजून न विचारता येते. मध्यंतरी अशीच एक हातात शहाळं घेऊन थेट वर्गातच पोचली. घरी कुलूप दिसल्यावर शेजाऱ्यांनी सांगितलं होतं, बाई व्यायामाला गेल्यात. वहिनी दारातूनच म्हणाली, "उठू नका, उठू नका." पण तिथे सगळे उठतच होते. तिला कोपऱ्यातली रिकामी खुर्ची देण्यात आली. दोन मिनिटं ती हे उठणं-बसणं डोळे विस्फारून बघत राहिली. तेवढ्यात मुलगी वळून म्हणाली, "वहिनी, तुम्हीपण चला."

"अगं, मी पेशंट नाहीये."

"माहितीये ना. त्यांना दहा आहेत, तुम्ही पंधरा करा."

वहिनीने शहाळं ट्रकचालकाच्या हातात दिलं, पदर खोचला आणि पाचव्याला गुडघ्यांचा आवाज सगळ्या खोलीने ऐकला.